घोरणं थांबतं तेव्हा

फौजेत घोरण्याला कुणी आजार म्हणत नाही. घोरणाऱ्याला एक टोपणनाव मिळतं, बॅरेकमधली कोपऱ्यातली खाट मिळते आणि विषय संपतो. आमच्या युनिटमधले एक सुभेदार साहेब तमिळनाडूतल्या कुंभकोणम् जवळच्या पट्टीश्वरम् गावचे. कुंभकोणम् कडचा माणूस आणि त्यात घोरणारा, मग त्यांचं नाव ‘कुंभकर्ण’ पडलं नसतं तरच नवल! एक्सरसाइजला गेलो की जवान म्हणायचे, “साहेब तंबूत असले की शत्रूला रडार लागत नाही.” सुभेदार साहेबही हसायचे. आम्हीही हसायचो.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझी पोस्टिंग तमिळनाडूत आली आणि एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. कावेरीच्या खोऱ्यातला हा भाग म्हणजे नजर जाईल तिथवर भात, मधे मधे केळी आणि नारळ. गावातल्या जुन्या शिवमंदिरातली दुर्गा फार प्रसिद्ध आहे. दर्शन घेऊन आम्ही त्यांच्या घराच्या ओट्यावर बसलो. सकाळचे दहा वाजले होते आणि सुभेदार साहेब बोलता बोलता पेंगत होते. ज्या माणसाने रात्र रात्र गस्त घातली, तो भरदिवसा पेंगत होता. गेल्या महिन्यात मोटारसायकल शेताच्या बांधावर चढली ती याच पेंगेमुळे.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. कॉफीचा डबरा माझ्यापुढे ठेवत अक्का म्हणाल्या, “सर, हे घोरतात त्याची मला भीती नाही. घोरणं थांबतं ना, तेव्हा भीती वाटते. मी मनात आकडे मोजत बसते. कधी वीसपर्यंत मोजते. मग हे गुदमरल्यासारखे दचकतात, मोठा श्वास घेतात आणि पुन्हा घोरायला लागतात.”

डॉक्टरला सांगण्यासारखं बहुतेक सगळं अक्कांच्या त्या चार वाक्यांत आलं होतं. या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. छाती हवा ओढायचा प्रयत्न करत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते. पुन्हा झोप, पुन्हा तेच. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला किंवा फारच कमी झाला, की एक घटना धरतात. अशा घटना तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम, ३० च्या वर तीव्र. गंमत अशी की सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. तो म्हणतो, मला छान झोप लागली होती.

बाकीच्या खुणा मात्र दिवसा दिसतात. सकाळी डोकं जड होणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लड प्रेशर, रात्री लघवीला वारंवार उठणं, चिडचिड, विसराळूपणा, गाडी चालवताना लागणारी डुलकी. मान जाड असेल, वजन वाढलेलं असेल, वय पन्नाशीकडे झुकलेलं असेल तर शक्यता आणखी वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

लडाखमध्ये राहून आलेले वाचक म्हणतील, तंबूत शेजारच्याचा श्वास अडखळताना आम्हीही ऐकलाय. खरं आहे, पण ती गोष्ट वेगळी. उंचीवरच्या विरळ हवेत मेंदूच श्वासाचा हुकूम मधे मधे द्यायचा थांबतो. तिथे छातीही हलत नाही. सुभेदार साहेबांच्या बाबतीत हुकूम सुटत होता, छाती झटत होती, पण वाट बंद होती. ते राहतात समुद्रसपाटीपासून जेमतेम उंचीवर.

मग इतकी वर्षं त्यांनी सांगितलं का नाही? एक तर हसण्यावारी गेलेली गोष्ट आजार वाटत नाही. दुसरं कारण प्रत्येक फौजीला माहीत आहे. ‘शेप-वन’ जाईल, कॅटेगरी लागेल, ही धास्ती. आजार लपवून कॅटेगरी वाचते, तब्येत वाचत नाही.

तंजावरला त्यांची झोपेची तपासणी झाली. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर लावून रात्रभर नोंद. आकडा आला तासाला २२. डॉक्टरांनी आधी सीपॅप दिलं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडलं. आजही हाच पहिला उपाय आहे आणि तीव्र आजारात तर तोच. पण सुभेदार साहेबांना मास्क सहन होईना. महिनाभर ते मध्यरात्री मास्क काढून फेकत राहिले. कपाटात पडलेल्या यंत्राने कुणाचाच घसा उघडत नाही.

तेव्हा झोपेच्या डॉक्टरांनी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. घोरण्याचा आणि दातांचा काय संबंध? पट्टीश्वरम् च्या देवळातच त्याचं उत्तर मला सापडलं. बालसंत ज्ञानसंबंधर तिथे आले, तेव्हा त्यांना दुरूनच दर्शन व्हावं म्हणून शिवाने नंदीला बाजूला सरकायला सांगितलं, अशी कथा आहे. तिथले नंदी आजही समोरासमोर नाहीत, जरा बाजूला आहेत. दातांचं उपकरण हेच करतं. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि मागची वाट मोकळी राहते.

पण ते बाजारातून आणून गरम पाण्यात मऊ करून चावायचं खेळणं नव्हे. दातांचं माप घेऊन ते बनवावं लागतं आणि काही आठवड्यांत जबडा थोडा थोडा पुढे आणावा लागतो. त्यासाठी पुरेसे पक्के दात आणि निरोगी हिरड्या हव्यात. कुंभकोणम् चं विड्याचं पान नावाजलेलं, पण पानासोबत तंबाखू गेली की हिरड्या गेल्या. गुटख्याने ज्यांचं तोंड उघडेनासं झालंय त्यांच्या तोंडाचं मापही धड घेता येत नाही. सुभेदार साहेबांना सुरुवातीला लाळ सुटायची, सकाळी जबडा दुखायचा. काही वर्षांत दातांची ठेवणही थोडी बदलू शकते, म्हणून दंतवैद्याकडे नियमित जावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उपकरण घालून पुन्हा तपासणी. घोरणं बंद झालं म्हणजे आजार गेला असं नाही. याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मराठी राजाकडे ती शिस्त होती. सुभेदार साहेबांचा दुसरा आकडा आला ६. मास्क लावून तो कदाचित आणखी उतरला असता, पण हे उपकरण ते रोज रात्रभर घालतात. वजनही सात किलो उतरवलंय.

माजी सैनिकांना एवढंच सांगतो. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये बीपीची गोळी घ्यायला जाल तेव्हा पत्नीला सोबत न्या आणि तिला बोलू द्या. सेवेत असलेल्यांनो, बडी फक्त गोळीबारातला नसतो. शेजारच्या खाटेवरचा श्वास थांबताना ऐकलात, तर टोपणनाव ठेवण्याआधी त्याला एमआय रूममध्ये घेऊन जा. त्याला स्वतःला ते कधीच ऐकू येणार नाही.