न झिजलेली वीत

काळी माती लेथला सुखानं बसू देत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आकसते, आणि तिच्यावर ओतलेलं काँक्रीट, त्यात पुरलेले फाउंडेशन बोल्ट, त्यांनी धरून ठेवलेलं बिडाचं जड धूड, सगळं केसभर इकडंतिकडं होतं. घराच्या भिंतीला तडा गेला की दिसतो. लेथच्या बेडला पडलेला पीळ डोळ्यांना दिसत नाही. तो कामातून कळतो. सरळ कातायला घेतलेला दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक उतरतो. म्हणून दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लागण्यापूर्वी, मी बेडवर पाणसळ ठेवतो. गवंड्याची नव्हे, मीटरमागे ०.०२ मिलिमीटर कल दाखवणारी. बुडबुडा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा त्याच्या अंगावर सोडायचा नाही, तेवढ्या उबेनंही तो सरकतो. मग पायाखालचे बोल्ट पाव पाव फेऱ्यानं आवळायचे, थांबायचं, पुन्हा बघायचं.

पिपरी मेघे आता वर्धा शहराला इतकं चिकटलं आहे की दोघांमधली शीव शोधावी लागते. प्लॉट पडले, घरं उभी राहिली. पण त्यांच्या पायाखालची माती कपाशीचीच आहे. माझ्या शेडमधलं लेथही या मुलखात कपाशीनंच आणलं. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या आणि वर्धा खोऱ्याच्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढच्या काळात हिंगणघाट, पुलगाव, वर्धा, आर्वी अशा गावांत जिनिंग-प्रेसिंगची धुराडी दिसू लागली. मोठ्या जिनाच्या एका कोपऱ्यात दुरुस्तीखाना असे. छताखालून लाइन शाफ्ट फिरे, त्यावरून चामड्याचा पट्टा खाली उतरे आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लेथ. हंगाम संपला की झिजलेले शाफ्ट, पुल्या, गनमेटलचे बुश त्याच्यापुढे येत. जिनातलं कुठलंही यंत्र बिघडलं की लेथकडे जाई. आणि लेथ स्वतः बिघडलं तर आपले बरेचसे सुटे भाग आपणच कातून काढी. ही ताकद फार थोड्या यंत्रांना आहे. मला ही यंत्रं जपाविशी वाटतात ती यासाठी.

जिन बंद पडतो, जागा विकली जाते, आणि लेथ वजनावर जातं. ‘काकाजी, याचं आता काय करता जी? बीड आहे, किलोनं जाते,’ असं भंगारवाला अगदी आपुलकीनं सांगतो. त्याचं चुकत नाही. त्याच्या काट्यावर बेड आणि तुटकी मोरी सारखीच. पण तो बेड ज्यानं घडवला त्यानं त्यावर किती दिवस घालवले असतील, हे काट्याला कळायचं नाही. इंग्लंड-अमेरिकेत अशी लेथं निवृत्त होऊन हौशी माणसांच्या घरी जातात. आपल्याकडे त्यांना निवृत्तीच मिळत नाही. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करची, त्या १९४१ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची लेथं आजही कितीतरी शेडांत घर चालवतात. मग एखाद्या दिवशी ती एकदम भट्टीतच जातात. मधला मुक्काम नाही. तो मुक्काम कुणीतरी द्यायला हवा.

जुनं लेथ हाती आलं की आधी रॉकेल आणि चिंध्या. वर्षानुवर्षांचं तेल, धूळ आणि रुईचे तंतू मिळून झालेला काळा थर निघाला, की मी टेलस्टॉक, म्हणजे चकासमोर दांड्याचं दुसरं टोक धरणारा भाग, सोडवून बाजूला घेतो आणि त्याच्याखालचा बेड बोटानं चाचपतो. लेथ सगळीकडे सारखं झिजत नाही. काम बहुतेक चकाजवळ चालतं, हत्यार वाहणारं सॅडल तिथंच मागंपुढं होत राहतं, म्हणून बेड तिथं खोल जातो. टेलस्टॉकखालची शेवटची वीतभर जागा मात्र जवळजवळ अस्पर्श राहते. कारखान्यातून निघताना मशीन जसं होतं तसं तिथं अजून असतं. कधी कधी मूळ कारागिराच्या स्क्रेपरच्या खुणासुद्धा दिसतात, तिरप्या, आडव्याउभ्या. डागडुजीची सगळी मापं त्या वितीवरून घ्यायची. झिजलेल्या भागाला कुठं परत जायचं आहे, हे ती सांगते.

परत नेण्याचं काम हातानं होतं. स्ट्रेट एजला, म्हणजे सरळपणा तपासायच्या पट्टीला, निळा रंग किंवा तेलात कालवलेला शेंदूर पातळ चोपडायचा, ती बेडवर हलकी फिरवायची, जिथं रंग लागला तिथं उंचवटा; तेवढाच स्क्रेपरनं खरडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरडणं. सुरुवातीला दोनचार मोठे डाग उमटतात. मग ते फुटतात, पसरतात, आणि शेवटी चौरस इंचात वीसेक बारीक ठिपके दिसू लागतात. प्रत्येक खेपेला निघणारं बीड चिमटीतही येत नाही. हात भरून येतात, पाठ धरते, आणि तरी या कामाइतकं मन निवांत करणारं दुसरं काही मला मिळालेलं नाही.

पण ती स्ट्रेट एज सरळ आहे हे कशावरून? मला सर्वांत मोह पडतो तो इथं. याचं उत्तर जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानं १८४० मध्ये ग्लासगोत भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. बिडाचे दोन पाट एकमेकांशी जुळवले तर एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असू शकतो, आणि दोघंही एकमेकांना बरोबरच ठरवतील. तिसरा घ्या. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी जुळायला लागला की तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर नसतं. आधीचा कुठलाही अचूक नमुना नको, वरचढ यंत्र नको. तीन बिडाचे तुकडे, रंग आणि धीर पुरतो.

आटे पाडताना दुसरीच गंमत पुढे येते. ही मशीनं इंचाची. माझ्या लीड स्क्रूला इंचात ४ आटे आहेत, आणि देश तर १९५६ च्या कायद्यानं मेट्रिककडे वळलेला. तरीही या लेथवर मिलिमीटरचे आटे तंतोतंत पडतात, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७, आणि १२७ ही मूळ संख्या. म्हणून १२७ दात्यांचं एक मोठं गिअर लागतं. त्याहून लहान गिअरनं नेमका हिशेब जमत नाही. स्पिंडलच्या बाजूला ४० दात्यांचं, लीड स्क्रूवर १२७ चं, मधे नुसतं फिरणं पोचवणारं आयडलर गिअर: नेमके २ मिलिमीटरचे आटे. जुन्या लेथसोबत हे गिअर मिळालं तर मी मूळ पेंटपेक्षा त्याचा आनंद जास्त मानतो.

वर्ध्यात यंत्रांवर प्रेम करतोस, असं मला ऐकवणारे भेटतात. गांधीजींचं सेवाग्राम इथून जवळ. मगनवाडीतलं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनीच खुलं केलं. पण १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या तरुणानं त्यांना यंत्रांबद्दल विचारलं, तेव्हाचं त्यांचं उत्तर वाचावं. शिवणयंत्राला त्यांनी मोकळ्या मनानं जागा दिली. आणि चरख्याची वाकडी झालेली चाती सरळ करणारं यंत्र निघालं तर त्याचं स्वागतच करीन, असं म्हणाले. लोहार चात्या घडवत राहतील, पण चाती बिघडली तर ती नीट करायचं साधन प्रत्येक कातणाऱ्याच्या घरी असेल. फिरणारा दांडा सरळ असला पाहिजे आणि तो सरळ करणं ज्याचं त्याच्या हातात असलं पाहिजे, एवढीच लेथवाल्याचीही मागणी असते.

बुटीबोरीच्या कारखान्यात सीएनसी चालवणारा, आयटीआय झालेला एक मुलगा सुटीच्या दिवशी स्क्रेपिंग शिकायला येतो. त्याचं मशीन मायक्रॉन दाखवतं, पण तिथं कुठलीही गोष्ट उघडायची त्याला मुभा नाही. इथं त्यानं सॅडल स्वतः उतरवलं. उन्हाळ्यात मी त्याला मीटरभराच्या पोलादी दांड्याचा हिशेब करायला लावला: जानेवारीतल्या पहाटेच्या १२ अंशांपासून मे महिन्यातल्या ४५ अंशांपर्यंत तो सुमारे ०.३८ मिलिमीटर लांबतो. तेव्हापासून मे-जूनमध्ये तो नाजूक मापं सकाळीच उरकतो.

ज्यांच्याकडे बंद जिनाची किंवा जुन्या वर्कशॉपची किल्ली असेल, त्यांनी काटा मागवण्याआधी टेलस्टॉक सोडवून त्याच्याखालचा बेड पुसून बघावा. खुणा दिसल्या तर पिपरी मेघेला निरोप द्या. चेन पुली आणि ट्रॅक्टर मी घेऊन येतो.