हवेचे 168 डबे

चेंबूरमध्ये वाढलेल्या माणसाला प्रदूषण वासाने कळतं. शाळेच्या वाटेवर वारा माहुलच्या बाजूने आला की आम्ही नाकाला रुमाल लावायचो आणि आजचा वास कालच्यापेक्षा वाईट की बरा, यावर भांडायचो. म्हणून 2006 च्या एप्रिलमध्ये, होनोलुलूहून उत्तरेला समुद्रावर उडत असताना हेडफोनमध्ये कुणीतरी "आलो बरं का घाणीत" असं म्हणालं, तेव्हा मी खिडकीला नाक लावलं. बाहेर लख्ख निळं आकाश. आत वास होता तो फक्त करपलेल्या कॉफीचा.

विमान नासाचं डीसी-8. 1969 सालचं, चार इंजिनांचं. बऱ्याचशा खुर्च्या काढून त्यांच्या जागी यंत्रांची कपाटं ठोकलेली. मोहिमेचं नाव इंटेक्स-बी. आशियातला धूर वसंतात पॅसिफिक ओलांडून अमेरिकेपर्यंत कसा आणि किती पोचतो हे बघायचं होतं. शिवाय 2004 मध्ये सोडलेला ऑरा उपग्रह 705 किलोमीटर उंचीवरून जे आकडे कळवत होता, ते कितपत खरे तेही तपासायचं होतं. माझं काम त्यातलं हमालीचं. हवा डब्यात भरायची.

"अगं, हवा भरायला विमान कशाला लागतं?" आईने फोनवर विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न बरोबर होता. ऑरावरचं टेस नावाचं यंत्र हवेला हात लावत नव्हतं. खालून वर येणारी उष्णता वाचून त्यावरून ते ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडचं गणित मांडायचं. गणिताचा पडताळा घ्यायचा तर त्याच वेळी त्याच हवेत कुणीतरी जायला हवं.

डबे दोन लिटरचे, स्टेनलेस स्टीलचे, आतली हवा आधीच उपसून काढलेली. 24 डब्यांची एक साखळी, अशा सात साखळ्या. एका उड्डाणाला 168 डबे. पंप बाहेरची हवा आत ढकलायचा. व्हॉल्व्ह उघडायचा, दाबाचा काटा चढू द्यायचा, व्हॉल्व्ह आवळायचा, वेळ लिहायची, पुढचा डबा. आठ-नऊ तास हेच. तिसऱ्या उड्डाणानंतर माझ्या तळहाताला घट्टे पडले.

खरी परीक्षा घिरट्यांची. ऑरा दुपारी डोक्यावरून सेकंदाला सात किलोमीटरच्या वेगाने निघून जायचा. त्याच सुमारास आम्ही दहा-अकरा किलोमीटरवरून घारीसारखे गोल गोल फिरत समुद्रापासून तीनशे मीटरपर्यंत उतरायचो, म्हणजे हवेचा अख्खा उभा खांब मोजून व्हायचा. पोटात ढवळून यायचं. शेजारचा सहकारी एका हाताने कागदी पिशवी धरून दुसऱ्या हाताने आकडे लिहायचा. अक्षर मात्र सुरेख.

त्या दिवशीची "घाण" पडद्यावर दिसली. लेसरवर चालणाऱ्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढत चढत अब्जात दोनशे भागांच्या वर गेला. मी दणादण डबे भरले. पुढे प्रयोगशाळेत त्यांत हॅलॉन-1211 नेहमीपेक्षा जास्त निघाला. हा आग विझवायच्या नळकांड्यांतला वायू. श्रीमंत देशांत त्याचं उत्पादन 1994 पासून बंद, चीनमध्ये मात्र नंतरही चालू राहिलेलं. हवेने आपलं गाव सांगितलं म्हणायचं. पण आमच्या खाली पांढऱ्या ढगांची गादी पसरलेली, आणि टेसला दाट ढगांपलीकडचं दिसत नसे. हा योगायोग नव्हता. आशियातला धूर जमिनीवरून वर उचलतात ती वादळं आणि ढग उभे करतात तीही तीच. धूर आणि ढग एकाच गाडीने प्रवासाला निघतात.

पुढच्या एका उड्डाणात आकाश मोकळं, उपग्रह बरोबर डोक्यावर, आणि हवा अगदी मिळमिळीत. आकडा जागचा हलेना. मी कुरकुरले तेव्हा गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, "स्वच्छ हवेला तो स्वच्छ म्हणतो का, हे नको बघायला?" शिवाय आमचे आकडेही तसेच शेजारी मांडून चालत नसत. टेसला मधल्या थरांतलं बरं दिसायचं, समुद्रालगतचं अंधुक. म्हणून आमची नेमकी मापं आधी त्याच्याच चष्म्यातून बघून मुद्दाम अंधुक करायची आणि मग ताडून पाहायची. उपग्रहाच्या नकाशावरचे लाल पट्टे सगळे छापतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागणाऱ्या या कंटाळवाण्या दुपारी कुणी छापत नाही, याचा मला अजून राग आहे.

आणि अशाच एका दुपारी मी घाण केली. घिरट्यांमध्ये डोकं गरगरत होतं आणि साखळीतल्या एकविसाव्या डब्याचा व्हॉल्व्ह मी पुरता आवळला नाही. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत काटा लावला, तर डब्यातला दाब उतरलेला. आतली हवा आता निव्वळ पॅसिफिकची धरता येत नव्हती.

टेसचं काम 2018 मध्ये थांबलं. डीसी-8 2024 मध्ये नासातून निवृत्त होऊन आयडाहो राज्यातल्या पोकाटेलोला गेलं, विमान दुरुस्ती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे. माझ्या वहीत त्या दुपारच्या पानावर एकविसाव्या डब्यापुढे वेळ लिहिलेली आहे, आकडा नाही.