थाई भांड्यांवरची नक्षी, आपल्या कुर्त्यावर!

बँकॉकला फिरायला जाताय? आणि स्वतःचे कपडे स्वतः डिझाइन करून शिवून घ्यायची हौसही आहे? मग बॅगेत एक छोटी वही नक्की ठेवा. तिथली चिनी मातीची भांडी तुम्हाला वर्षभर पुरतील एवढी डिझाइन्स देतील.

सुरुवात वाट अरुणपासून

था तिएन धक्क्यावरून छोट्या बोटीने चाओ फ्राया नदी ओलांडली की समोरच हे मंदिर दिसतं. नावातला अरुण म्हणजे आपलाच पहाटेचा अरुण. शिखराजवळ जाऊन नीट पाहा. तिथली फुलं रंगवलेली नाहीत, चिनी मातीचे तुकडे आणि शिंपले बसवून केलेली आहेत.

पंचरंगी बेंजारोंग

हा शब्द संस्कृतातल्या 'पंच' आणि 'रंग' या शब्दांवरून आला. लाल, पिवळा, पांढरा, काळा आणि हिरवा किंवा निळा असे हे रंग. अयुत्थयाच्या काळात राजदरबार ही भांडी चीनमधून बनवून घेई, पण नक्षी सयामची असे. आज सामुत साखोन प्रांतातल्या दोन काय दी गावात कारागीर ती हाताने रंगवतात.

गंमत म्हणजे, त्याच काळात सयामची नक्षी भारतातही येत होती. कोरोमंडल किनाऱ्यावरचे आपले कारागीर ती कापडावर उतरवत आणि ते कापड जहाजाने सयामच्या दरबारात जाई. म्हणजे भांडं चीनचं, कापड भारताचं आणि नक्षी एकच! तेव्हा ही नक्षी कुर्त्यावर आणणं हे काही परकं काम नाही.

कपड्यावर कशी आणाल?

• वाटीच्या कडेची अरुंद पट्टी कुर्त्याच्या घेराला किंवा ओढणीच्या काठाला घ्या.
• ज्वाळेसारखी वळणारी 'क्रानोक' नक्षी गळ्याभोवती भरतकामात खुलते.
• पाचही रंग सारखे वापरू नका. एक रंग कापडाचा ठेवा, बाकीचे नक्षीत भरा. सोनेरी रेघेसाठी जर आहेच.
• रोजच्या कपड्यांसाठी सुखोथाईच्या जुन्या संगखलोक भांड्यांवरचा काळ्या रेघांचा मासा घ्या. पांढऱ्या सुती कापडावर ठशाने सुरेख उठतो.

एवढं मात्र जपा

बेंजारोंगवर हात जोडलेली एक आकृती वारंवार दिसते. ती 'थेप फनोम', म्हणजे देवता. थायलंडमध्ये पाय हा शरीराचा सगळ्यात हीन भाग मानतात. देवाचं चित्र पायाशी आलेलं आपल्याला तरी कुठे चालतं? म्हणून ही आकृती सलवारीवर किंवा चपलांवर नको. कपड्यांसाठी फुलं, कळ्या आणि वेली भरपूर आहेत.

शेवटी ग्रँड पॅलेसच्या आवारातलं राणी सिरिकिट वस्त्रसंग्रहालय पाहा. ते 2012 मध्ये सुरू झालं. राजवाड्यात जाताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. परत आल्यावर वही उघडा आणि त्यातली एकच नक्षी निवडून टेलरकडे जा. कुणी कौतुकाने विचारलं, तर सांगायला एक छान गोष्टही आता तुमच्याकडे आहे!