पहाटे चारचा सेक्शन

चि. सई,



तुझ्या डिझाइन प्रोजेक्टची शीट्स पाहिली. ड्रॉइंग सुरेख झालंय. पण दादर पश्चिमेसारखी जागा निवडलीस आणि काढलीस दिवसाची एकच वेळ: कलतं ऊन, कुंडीत बांबू, बाकावर कॉफी पिणारी दोन गोरी माणसं. आमच्या वेळी हेच जोडपं लेट्रासेटच्या कागदावर यायचं. अजून त्यांची कॉफी संपलेली नाही!

प्रोजेक्टचं नाव ‘सार्वजनिक जागांची पुनर्रचना’ असेल, तर आधी त्या जागा कोण कधी वापरतं ते काढ. एक सेक्शन पहाटे चारचा हवा. त्या वेळी सेनापती बापट मार्गावर फुलबाजार ऐन भरात असतो. पहाटेच्या लोकलने वसई-विरारकडच्या बायका फुलांच्या पाट्या घेऊन उतरतात. डोक्यावरची भरली पाटी उतरवायला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. छातीइतक्या उंचीचा एखादा ओटा असला, तर तिचं तिला जमतं. तसा ओटा तुझ्या चारही शीट्सवर नाही. तिच्या वाटेत बोलार्ड मात्र आहेत. शिवाय फुलांवर सारखं पाणी मारतात, खाली देठं आणि पानं पडतात. तुझा गुळगुळीत ग्रॅनाइट तिथे आठवडाभरात कुणाचा तरी पाय मोडेल. टाकी लावलेला काळा दगड घे, उतार गटाराकडे दाखव आणि गटारावर एका माणसाला उचलता येईल अशी झाकणं ठेव. ज्युरीला यात सौंदर्य दिसणार नाही, पण जागा झाडणाऱ्याला दिसेल.

आता फेरीवाले. तू त्यांना एका इमारतीत हलवून रस्ता मोकळा केलास. हा प्रयोग तिथेच होऊन गेलाय. हॉकर्स प्लाझा तुझ्या साइटपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. गाडी पकडायच्या घाईत कोथिंबीर घेणारं गिऱ्हाईक जिना चढत नाही, मग विकणारा तरी वर कशाला बसेल? कायद्याची बाजूही गुंतागुंतीची आहे. 2014 च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते असावे लागतात. दुसरीकडे, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, त्यानंतर 2017 मध्येच उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. ते 150 मीटरचं वर्तुळ नकाशावर आख. त्यात किती माणसांचं पोट आहे ते मोज आणि वर्तुळाबाहेर, पण घराकडे जाणाऱ्यांच्या वाटेवरच, त्यांना जागा शोध. पदपथावर 1.8 मीटर मोकळी वाट हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. ती आधी सोड, मग उरलेल्या रुंदीवर भांडू. माझ्या मते खरं डिझाइन त्या उरलेल्या रुंदीतच आहे. रस्ता रिकामा करून मोठा दाखवणं कुणालाही जमतं.

बाकांवर तू फार जीव टाकलायस. मधे हात बसवलेले, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. ही कंजुषी तुला कुणी शिकवली? विल्यम व्हाइटने सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखून माणसं कुठे थांबतात ते पाहिलं. 1980 च्या त्याच्या पुस्तकातला निष्कर्ष साधा आहे: बसायला जागा असेल तिथे माणसं बसतात. हेच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पाहा. मैदान 1925 मध्ये खुलं झालं आणि 1927 मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदानाला वेढा घालणारी ती ठेंगणी भिंत एक किलोमीटरहून लांब आहे. तिला ना पाठ, ना हात, ना कुणाच्या देणगीची पाटी. मैदानाकडे तोंड करून क्रिकेट बघा, नाहीतर पाय रस्त्याकडे सोडून येणारेजाणारे बघा. पेन्शनर, क्लास बुडवलेली पोरं, घरात बोलायला जागा नसलेली जोडपी, सगळ्यांना ती पुरते. तुझ्या डिझाइनर बाकांचे पैसे अशा एका भिंतीत घाल.

कबुतरखान्याचा चौक तू कोरा ठेवलास. कारण कळतं. कबुतरांना दाणे टाकणं थांबावं म्हणून पालिकेने घातलेली ताडपत्री 2025 च्या ऑगस्टमध्ये लोकांनी फाडली, त्यावरून केवढा गदारोळ झाला! पण एवढ्या गर्दीच्या रस्त्यांच्या मधोमध असलेलं ते बेट सोडून दादरचा आराखडा होत नाही. कबुतरांबाबत मत मांड, असं मी म्हणत नाही. त्यांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनाच्या त्रासाचा प्रश्न मला खराच वाटतो. तिथे माझ्या मनात आहे ते फक्त सावली आणि प्यायचं पाणी. तुला वेगळं सुचत असेल तर तेच काढ. मात्र काठी टेकत तो चौक ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची वाट सगळ्यात आधी आख आणि तिला कुठेही पायरी लागू देऊ नकोस.

सेक्शन झाले की फोटो काढून पाठव. ज्युरीच्या आदल्या रात्री नको, त्याआधी.

तुझी,
आत्या