घड्याळ लागलं, रेडिओ लागला

आमच्या आईचं माहेर बेळगावचं. तिच्या लहानपणी घरात सकाळ व्हायची ती आकाशवाणीच्या सांगली केंद्राने. हे केंद्र सुरू झालं १९६३ साली, म्हणजे आई तेव्हा शाळेत होती. लग्न होऊन ती फोंड्याला आली आणि सांगली सुटलं. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि मध्ये सह्याद्री उभा. रात्री त्याच लहरी वरच्या हवेवरून परतून लांबवर पोचतात, त्यामुळे कधीतरी रात्री खरखरीतून दोन शब्द ऐकू यायचे. तेवढ्यावर तिने चाळीसेक वर्षं काढली. घरात एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर आले, आणि ती खरखरसुद्धा गेली. उरली नुसती गुणगुण.

आता आकाशवाणीची कितीतरी केंद्रं इंटरनेटवर ऐकता येतात, त्यात सांगलीही आहे. अधिकृत ॲप आहे, चांगलं चालतं. पण आईला काचबिंदूमुळे नीट दिसत नाही. फोनवर बोट कुठे ठेवायचं हे तिला कसं कळावं? शिवाय फोन माझ्याबरोबर ऑफिसला जातो. तिला हवा होता रेडिओ. बटण दाबलं की बोलणारा.

म्हणून मी एक उद्योग केला. पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आणला, जुना स्पीकर जोडला, आणि त्यावर लिरियन नावाचा सर्व्हर घातला. हा मूळचा लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स रेडिओंचा. कंपनीने ते रेडिओ २०१२ साली बंद केले, पण सर्व्हरची संहिता सर्वांना खुली होती. जगभरच्या हौशी लोकांनी ती जिवंत ठेवली आणि २०२४ मध्ये तिला नवं नाव दिलं. सरकारी रेडिओचे प्रवाह वाजवायला त्यात एक प्लगइन घालावा लागतो. तो कोणा परदेशी माणसाने फावल्या वेळात लिहिलेला. केंद्राचा त्याच्याशी काही संबंध नाही.

अशा प्लगइनचं दुखणं काय ते सांगतो. पूर्वीचा प्रवाह नळाच्या धारेसारखा सलग यायचा. आता आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवतात आणि त्यांची एक यादी सतत बदलत राहते. वाजवणाऱ्याने दर काही सेकंदांनी नवी यादी मागायची, तुकडे उचलायचे आणि जोडायचे. प्रसारकाने पत्ता किंवा पद्धत बदलली की प्लगइनवाल्याचं काम वाढलं. बीबीसीने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जुन्या पद्धतीचे प्रवाह थांबवले, तेव्हा लोकांच्या घरातले चांगले इंटरनेट रेडिओ बीबीसीपुरते मुके झाले.

तर गेल्या पावसाळ्यात आम्ही तीन आठवडे बेळगावला होतो. निघताना मेन स्विच बंद केला. परत आलो, आईने बटण दाबलं. शांतता!

"काय झालंय रे तुझ्या डबीला?"

मला वाटलं, होईल सुरू. नाही झालं. दुसरी दोन केंद्रं लावून पाहिली तर ती छान वाजत होती. सांगलीच तेवढं गप्प. चार दिवस झाले, आठ झाले. आई रोज सकाळी चहा घेऊन डबीशेजारी बसायची, बटण दाबायची, थोडं थांबायची आणि उठायची. तक्रार नाही. एक दिवस फक्त म्हणाली, "बंद केलं असतील रे केंद्र. सांग की मला. मी काय रडत नाही."

त्या रात्री मी हट्टाला पेटलो. आधी फोनवरच्या ॲपमध्ये सांगली लावलं. वाजलं. म्हणजे केंद्र जिवंत. आईला तिथल्या तिथे ऐकवलं. मग तोच पत्ता संगणकावर व्हीएलसीमध्ये घातला. तिथेही वाजलं. म्हणजे पत्ता बरोबर. राहिला कोण? प्लगइन! कारकुनाला आरोपी सापडला की कलम आवरत नाही. मी त्या परदेशी माणसाला लांबलचक ईमेल लिहिली. 'आपल्या प्लगइनमुळे एका वृद्ध महिलेस' वगैरे. पुरावा म्हणून डबीतली नोंदवहीही जोडली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एका ओळीचं. "तुमच्या नोंदवहीतली तारीख बघा."

बघितली. आमची डबी अजून तीन आठवडे मागे होती!

रास्पबेरी पायच्या माझ्या मॉडेलमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की त्याचा काळ तिथेच थांबतो. सुरू झाल्यावर तो इंटरनेटवर कुणाला तरी वेळ विचारतो. पण वेळ विचारायचा पत्ता मीच पूर्वी कधीतरी खटपट करताना भलताच लिहून ठेवला होता. आता, सांगलीचा प्रवाह सुरक्षित जोडणीवरून यायचा. तिथे समोरचा संगणक आधी प्रमाणपत्र दाखवतो, आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आम्ही बेळगावला असताना ते प्रमाणपत्र नवं झालं होतं. डबीच्या हिशेबाने ते पुढच्या तारखेचं, म्हणून नामंजूर. दुसरी दोन केंद्रं साध्या जोडणीवरची. तिथे कागद कोणी मागत नाही.

मंडळी, अठरा वर्षं मी सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांवरच्या तारखा तपासतो आहे. पुढची तारीख दिसली की अर्ज परत. आणि त्या नोंदवहीच्या प्रत्येक ओळीत डाव्या बाजूला तारीख होती, ती मला दिसली नाही. दोष द्यायला आधी केंद्र शोधलं, मग प्लगइन. मनगटावरच्या घड्याळाशी डबीचं घड्याळ ताडून पाहायचं मात्र सुचलं नाही.

वेळेचा पत्ता दुरुस्त केला, आणि पुढच्याच मिनिटाला सांगली बोलू लागलं. त्या माणसाला माफीची ईमेल पाठवली. त्यावर त्याने उलट विचारलं, की आई आता ऐकते ना? ज्याला एक पैसा मिळत नाही, ज्याला मराठीचा एक शब्द कळत नाही, त्याच्या भरवशावर फोंड्यातल्या एका म्हातारीची सकाळ उभी आहे. 'अनधिकृत' हा शब्द ऑफिसात मी बराच वापरतो. आता वापरताना जरा अडखळतो. खरं म्हणजे गोंयकाराला ते आधीच ठाऊक असायला हवं होतं. १९५५ ते १९६१ जंगलातून चाललेला 'व्हॉझ द लिबेरदाद' रेडिओ कुठे अधिकृत होता?

आईला सगळं समजावून सांगितलं. ती हसली. म्हणाली, "आमचे बाबा रेडिओ ऐकून घड्याळ लावायचे. टींग टींग झालं की काटा फिरवायचे. तुझं उलटंच. घड्याळ लागल्याशिवाय रेडिओ लागत नाही."

आता वीज येऊन गेली की मी आधी डबीची तारीख बघतो. आई त्याआधीच विचारते, "आज कितवी आहे रे तिची?"