जुने भिंग

चांगल्या वस्तूंपेक्षा हट्टी वस्तूंवर माणसाचा जीव अधिक का जडतो, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही. माझ्या टेबलाच्या खणात एक कॅमेरा असतो. तो लायका एम-३ या जातीचा. ही जर्मन जात १९५४ साली प्रथम बाजारात आली. त्याच्या तोंडाशी मी बसवलेले भिंग मात्र रशियन आहे. युपिटर-३ हे त्याचे नाव. हे दोघेही माझ्याहून वयाने वडील आहेत आणि वडीलपणाचा मान ते माझ्याकडून पुरेपूर वसूल करतात. या कॅमेऱ्याला प्रकाश मोजता येत नाही, अंतर आपोआप साधता येत नाही आणि काढलेले चित्र तेथल्या तेथे दाखवता येत नाही. माझे विद्यार्थी खिशातील फोनने निमिषात जे करतात, ते करावयास मला दोन मिनिटे लागतात. आणि ते साधले की फसले हे कळावयास कधी कधी दोन महिने लागतात. या दिरंगाईला मी आजवर रसिकपणा म्हणत आलो. तो कितपत खरा होता, हे सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

प्रथम या यंत्राची मौज सांगितली पाहिजे. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एकीतून आपण पाहतो. दुसरी तिच्यापासून सुमारे सात सेंटिमीटर दूर असते आणि तेच दृश्य किंचित निराळ्या कोनातून आत आणून सोडते. आपल्या डोळ्यांपुढील चौकटीच्या मधोमध एक लहानसा उजळ चौकोन असतो. त्यात या दोन्ही प्रतिमा एकमेकींशेजारी उभ्या राहतात. माणसाकडे पाहावे तर त्याला दोन नाके दिसतात! भिंगाचे कडे हळूहळू फिरवावे, म्हणजे दोन नाके जवळ येऊ लागतात आणि एका क्षणी त्यांचे एक नाक होते. की अंतर साधले. यालाच रेंजफाइंडर म्हणतात. आरशाच्या कॅमेऱ्यात शटर उघडते नेमक्या त्या क्षणी डोळ्यांपुढे काळोख होतो. येथे तसे होत नाही. तथापि या सुखात एक मेख आहे. खिडकीतून पाहताना जवळचे, दूरचे, सगळेच स्पष्ट दिसते. फिल्मवर काय उमटणार आहे, याचा त्या दिसण्याशी काही संबंध नसतो. खिडकी आपली आणि भिंग त्याचे, असा हा दुहेरी संसार आहे.

आता भिंगाची कुळकथा. १९२५ साली लाइपझिगच्या वसंतातील जत्रेत ऑस्कर बार्नाकचा चिमुकला लायका लोकांपुढे आला, तेव्हा त्याचे भिंग एफ ३.५ एवढेच उघडत असे. उन्हात ते पुरे. घरातील दिव्याच्या उजेडात मात्र ते आंधळे होई. १९३२ साली झाइस इकॉन कंपनीने काँटॅक्स नावाचा प्रतिस्पर्धी उभा केला आणि त्याच्यासाठी लुडविग बेर्टेले याने झोनार हे एफ १.५चे भिंग रचले. आकडा जितका लहान तितके तोंड मोठे, असा या शास्त्राचा उफराटा हिशेब आहे. ५० मिलिमीटर नाभीय अंतराला दीडने भागले की ३३ मिलिमीटर रुंदीचे दार उघडते, आणि साडेतीनच्या मानाने जवळजवळ साडेपाच पट उजेड आत येतो. भिंगावर लेप देऊन परावर्तन रोखण्याची युक्ती झाइसच्याच स्माकुला या शास्त्रज्ञाने पुढे १९३५ साली काढली. त्यापूर्वी काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर शेकडा चार-पाच प्रकाश वाया जाई व चित्रावर धुके पसरे. म्हणून बेर्टेलेने सात काचा तीन गटांत एकमेकींना चिकटवल्या आणि हवेला भिडणाऱ्या बाजू सहावर आणल्या. १९४५ साली युद्ध संपल्यावर झाइसची यंत्रे व काच नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत रशियात गेली, आणि झोनारचे तेथे युपिटर असे नवे बारसे झाले.

हे भिंग पूर्ण उघडले असता एक मीटरवर बसलेल्या माणसाचा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाडीचा काप तेवढा रेखीव उमटतो. डोळे साधले तर नाकाचा शेंडा विरतो आणि कान धुक्यात जातात. चूक करावयास जागाच नाही. तुम्ही म्हणाल, मग तोंड थोडे झाकून घ्यावे, म्हणजे काप जाड होईल. शहाणपणाचा सल्ला आहे. पण या घराण्याचा जन्मदोष येथेच आडवा येतो. भिंगाच्या कडेने येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण एकाच जागी मिळत नाहीत. तोंड झाकू लागले की कडेचे किरण गळतात आणि स्पष्टतेची पातळी दोन-तीन बोटे मागे सरकते. कॅमेऱ्यातील त्या उजळ चौकोनाला याची वार्ताही नसते. तेथे दोन नाकांचे एक नाक झालेलेच असते.

ज्या कारागिराने हे भिंग माझ्या कॅमेऱ्याला बसवून दिले, त्याने मला हे सारे सांगितले होते. “काचांच्या खाली मी एक पातळ चकती घालतो, साहेब,” तो म्हणाला, “तिच्या जाडीवर सगळं आहे. एक तर पूर्ण उघडं असताना नेमकं बसेल, नाही तर थोडं झाकल्यावर. दोन्ही जमायचं नाही. तुम्हांला काय हवं?” मी ऐटीत म्हणालो, “पूर्ण उघडं.” आणि घरी येऊन ते विसरून गेलो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. माजघराच्या खिडकीशी बसून आई तांदूळ निवडत होती. संध्याकाळचा उजेड तिच्या गालावर तिरपा पडला होता. तिचा असा फोटो आपल्यापाशी एकही नाही, असे मनात आले. फोटो काढायचा म्हटले की ती पदर सारखा करून ताठ बसे आणि तिची आई नाहीशी होऊन गट-फोटोतील एक बाई तेवढी उरे. यावेळी तिचे लक्ष सुपात होते. मी एक मीटरवर टेकलो, तिच्या डोळ्यांच्या दोन प्रतिमा एक केल्या आणि नेमक्या त्या वेळी माझ्यातील शहाणा माणूस जागा झाला. हा फोटो चुकता उपयोगी नाही, असे म्हणून मी भिंगाचे तोंड २.८ पर्यंत झाकले आणि कळ दाबली. तिने आवाजाकडे पाहिलेही नाही.

छत्तिसांपैकी ते तेविसावे चित्र होते. तेरा शिल्लक होती. हल्ली फिल्म महाग झाली आहे. अर्धवट रीळ धुवावयास देणे मला उधळेपणाचे वाटे. शिवाय वाट पाहण्यात गोडी आहे, असे मीच चारचौघांत सांगत असे. मग परीक्षा आल्या, उत्तरपत्रिका आल्या. माघ महिन्यात आई गेली. कॅमेरा खणात होता आणि ती तेरा चित्रे अजून शिल्लकच होती.

रीळ धुऊन आले ते चैत्रात. तेवीस क्रमांकाचा फोटो मी भिंगाखाली धरला आणि मला रडूच कोसळले. डोळे हुकले होते. ज्या डोळ्यांसाठी सारा खटाटोप केला, ते सुपातल्या तांदळांसारखेच पुसट आले होते. रेखीव काय आले होते? कान. पांढऱ्या केसांची एक बट, कानाची पाळी आणि त्या पाळीतले लांबट ओघळलेले रिकामे भोक. तेवढे मात्र सुईने कोरल्यासारखे उमटले होते. मला ऐन वेळी कारागिराचे बोलणे आठवले असते तर! सावधपणाने केलेली चूक अधिक झोंबते, कारण तिचा दोष देण्यासाठी उतावीळपणाही हाताशी नसतो.

वर्षश्राद्धाच्या आधीच एकदा ताई आमच्याकडे आली होती. तिने टेबलावरचा तो फोटो उचलला आणि बराच वेळ पाहत राहिली. मी खजील होऊन म्हणालो, “चुकला गं तो.”

“भोकं किती ओघळली होती बघ तिची,” ती म्हणाली. “कुड्या जड होत्या त्या.”

“बाबा गेल्यावर काढल्या ना तिनं?”

ताईने फोटो खाली ठेवला. “बाबा गेल्यावर? तू पुण्याला कॉलेजात गेलास ना, त्याच जूनमध्ये गेल्या त्या. तुझी फी आणि वसतिगृहाचे पैसे. बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले.”

“मला कुणी बोललं नाही.”

“तिनंच बजावलं होतं, त्याला सांगायचं नाही म्हणून. मला वाटलं, तुला दिसलं असेल.”

दिसावयास हरकत नव्हती. त्या दोन वर्षांत मी दर सुट्टीला घरी येत होतो. वडील हयात होते, कपाळावर कुंकू होते आणि कान भुंडे होते. मी तिच्या हातचे जेवत होतो, पुण्याच्या गोष्टी सांगत होतो. मला दृष्टिदोष नव्हता. चष्माही तेव्हा लागला नव्हता. पुढे वडील गेले, आणि त्या रिकाम्या भोकांना मी रूढीचे आयते कारण चिकटवून मोकळा झालो. पस्तीस वर्षांहून अधिक काळ ते तसेच राहिले. जे मला कधी पाहावेसे वाटले नाही, तेथे एका सदोष भिंगाने बोट ठेवले. आणि तेही ज्या माणसाला काही विचारता आले असते, ते माणूस उरले नसताना. माघाच्या आधी मी ते रीळ धुतले असते, तर निदान तो फोटो घेऊन तिच्यापुढे बसलो असतो. तिने बहुधा “काय रे मेलं ते, जुनं कुठलं काढतोस” म्हणून विषय उडवून लावला असता. पण ते मला ऐकावयास मिळाले असते.

कारागिराकडे जाऊन चकती बदलून घ्यावी, असे एकदा मनात आले होते. ती मी तशीच राहू दिली आहे. आता माणसाचा फोटो काढताना भिंग पूर्ण उघडे ठेवतो. चुकला तर चुकला. आणि वाट पाहण्याच्या गोडीविषयी मी चारचौघांत बोलत नाही. गेल्या रविवारी ताईचा फोटो काढला. रिळात अकरा चित्रे शिल्लक होती. ती तशीच गुंडाळून सोमवारी सकाळी मी रीळ धुवावयास टाकले.