व्होडका : ‘उदका’चे दूरचे नाते आणि खडकीचे पाणी

#थ्रेड

१/७
रशियन भाषेत ‘वदा’ म्हणजे पाणी. ‘व्होडका’ हे त्याचेच लघुत्वदर्शक रूप. संस्कृत ‘उदक’ही त्याच प्राचीन धातुकुळातले. म्हणजे जगातील एका प्रसिद्ध मद्याचे नाव मुळात ‘इवलेसे पाणी’ असे आहे.

२/७
स्वादयुक्त व्होडका हे आजचे खूळ नव्हे. जुन्या भट्टीतून उतरणारे मद्य उग्र व दुर्गंधीयुक्त असे. तो दर्प झाकण्यासाठी त्यात मध, मसाले, वनस्पती मुरवीत. पोलंडच्या ‘झुब्रुव्का’त आजही सुगंधी गवताची काडी असते.

३/७
१७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लोवित्स या रसायनज्ञाला कोळशाची शोषणशक्ती उमगली. १८३० मध्ये कॉफी याने अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन स्तंभाचे पेटंट घेतले. मद्यार्क जवळजवळ गंधहीन करणे शक्य झाले.

४/७
येथे स्वादाची भूमिका पालटली. पूर्वी तो दोष झाके. आता कोऱ्या द्रवाला ओळख देऊ लागला. स्वीडनच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट’ने १९८६ मध्ये मिरचीचा, १९८८ मध्ये लिंबाचा स्वाद आणला. पुढे संत्रे, रासबेरी, हिरवे सफरचंद आले.

५/७
स्वाद कोणताही असो, बाटलीत साधारण ४० टक्के मद्यार्क आणि उरलेले बहुतांश पाणीच असते. भारतात हा मद्यार्क उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढतात. आंबवणे, थंड करणे, धुणे, प्रत्येक पायरीवर पाणी लागते ते वेगळेच.

६/७
हे पाणी कोठून येते, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरला चांगलाच ठाऊक आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि नहर-ए-अंबरीने, खापरी नळांतून, डोंगराकडचे पाणी शहरात आणले. आजच्या शहराची भिस्त जायकवाडीवर आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील उद्योगांचीही. त्यांत बिअर व मद्याचे कारखाने आहेत.

७/७
२०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाण्यात ५० टक्के, तर १० मेपासून ६० टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांना लागलेली कपात याहून बरीच कमी होती. टंचाईत पहिला हक्क कोणाचा, याचे उत्तर मलिक अंबरच्याच नगरीत, चार शतकांनंतर, न्यायासनाला द्यावे लागले : आधी माणसाच्या घशाला उदक, मग ‘इवलेसे पाणी’.

(समाप्त)